कॅसेट, डिस्क आणि डबा : शिरूर-दौंडच्या बाजारातली व्हिडिओ गेमची किंमत

व्हिडिओ गेम पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडच्या बाजारात टीव्हीच्या मागोमाग, टीव्हीचा जोडमाल म्हणून आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले आणि १९७३मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे पुण्याच्या आसपास चित्र दिसू लागले. १९८२नंतर रंगीत संच आले. तालुक्याच्या गावात टीव्ही विकणारा दुकानदार तेव्हा रेडिओ, पंखे, शिलाई मशीन आणि मिक्सरही विकत असे. नव्वदच्या दशकात त्याच्याच काचेच्या कपाटात एक करडा डबा, त्याला वायरीने जोडलेले दोन रिमोट आणि पिवळ्या किंवा काळ्या रंगाची ‘कॅसेट’ येऊन बसली. प्लॅस्टिकच्या आवरणातल्या त्या चिपला कॅसेट का म्हणायचे, हे कोणी विचारले नाही. टेपरेकॉर्डरमध्ये घालतात ती कॅसेट, व्हीसीआरमध्ये घालतात ती कॅसेट, मग हीही कॅसेटच.

हा डबा बहुधा नक्कल असे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ला १४,८०० येनला बाजारात आणलेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राची तैवान आणि चीनमध्ये हुबेहूब प्रत निघत होती. भारतात ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘टर्मिनेटर’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी ती विकली जाई. खोक्यावर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटमध्ये खरे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असत. यादी पुढे सरकवत गेले की तोच ‘मारिओ’ आणि तेच ‘काँट्रा’ वेगळ्या नावाने, वेगळ्या टप्प्यापासून पुन्हा सुरू होत. हा संच हजार-दोन हजारांच्या आतबाहेर मिळे आणि घासाघीस केली तर त्याहून कमी. या डब्यावर छापील किमतीचा पत्ताच नसल्याने घासाघीस चालत असे.

खरा माल किती महाग होता, याचे एक उदाहरण ठळक आहे. १९९५मध्ये शॉ वॉलेस या भारतीय उद्योगसमूहाने जपानच्या सेगा कंपनीशी करार करून ‘मेगा ड्राइव्ह’ हे यंत्र भारतात आणले. आयात शुल्क ८० टक्क्यांच्या घरात होते आणि ते टाळण्यासाठीच हा वितरणाचा करार होता, तरीही यंत्राची किंमत १८,००० रुपये पडली. त्या वर्षी सोने दहा ग्रॅमला पाच हजारांच्या आत होते. म्हणजे एका खेळण्याच्या पैशांत तीन-साडेतीन तोळ्यांचा दागिना झाला असता. शिरूरच्या पेठेतला माणूस यातले काय निवडणार, हे सांगायला नको.

१९९१च्या आधी परदेशी ग्राहकोपयोगी वस्तू उघडपणे आयात करणे जवळपास अशक्यच होते. उदारीकरणानंतरही अशा वस्तूंवरची संख्यात्मक बंधने बरीच वर्षे टिकली. शेवटच्या ७१५ वस्तूंवरची बंधने १ एप्रिल २००१ला उठली. तोवर खरे जपानी यंत्र यायचे ते आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानातून किंवा मुंबईच्या मनीष मार्केट, मुसाफिरखाना, हिरा पन्ना या ठिकाणांहून. तिथली किंमत माणूस आणि वेळ पाहून ठरे. पावती नसे, वॉरंटी नसे, आणि व्होल्टेजच्या फरकाने अडॅप्टर जळाला तर तक्रार करायलाही कोणी नसे. दौंडला ही वाट सोपी होती. मुंबई-पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे जंक्शन असल्याने सकाळी मुंबईला जाऊन दुसऱ्या दिवशी माल घेऊन परतणे शक्य होते. शिरूरच्या दुकानदाराला एसटी किंवा टेम्पोने पुणे गाठावे लागे आणि तिथल्या तापकीर गल्लीतल्या ठोक व्यापाऱ्यांकडून माल उचलावा लागे. नगरचा पर्यायही त्याला होता, पण नगरचा व्यापारीही बराचसा माल पुण्या-मुंबईतूनच आणत असल्याने त्यात फारसा फायदा नव्हता.

या प्रवासात जकातीची भर पडे. महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. हद्दीतून नुसता पुढे जाणाऱ्या मालासाठी वेगळी सवलत असली तरी तापकीर गल्लीतून किरकोळीने चार डबे उचलणाऱ्याला तिचा काही उपयोग नव्हता, कारण पुण्याची जकात त्या मालाच्या किमतीत आधीच मिसळलेली असे. नगरपरिषदांची जकात राज्यात १९९९मध्ये रद्द झाली. पुणे महापालिकेची जकात मात्र १ एप्रिल २०१३पर्यंत टिकली, आणि त्यानंतर स्थानिक संस्था कर आला. गंमत अशी की छोट्या गावाची जकात गेल्यावरही मोठ्या गावाची जकात छोट्या गावातला ग्राहक भरत राहिला, आणि पावतीवर ती कुठेच दिसली नाही.

घरच्या डब्याबरोबरच गेमचे पार्लरही होते. मोठ्या लाकडी पेटीत पडदा, दोन दांडे, सहा बटणे आणि नाणे टाकायची फट. एका नाण्यात एक ‘जीव’ संपेपर्यंत खेळायचे. इथे किंमत डब्याची नसून वेळेची होती आणि ती मालक स्वतः ठरवी. खेळ अवघड करणारा स्विच पेटीच्या आतच असल्यामुळे दर न वाढवता किंमत वाढवता येत असे, कारण जीव लवकर गेला की नाणे लवकर पडायचे. राज्य सरकारने व्हिडिओ गेमच्या यंत्रांना मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३च्या कक्षेत घेतले होते, त्यामुळे नाटक-सिनेमासारखाच हाही महसूल खात्याचा विषय होता. जत्रेत आणि आठवडे बाजारात फिरती यंत्रे लागत. त्यांचे शुल्क किती भरले जात असे, हा वेगळाच विषय.

किमतीच्या इतिहासातला मोठा बदल १९९०चा, आणि तो व्हिडिओ गेमसाठी झाला नव्हता. वजन-मापे (आवेष्टित वस्तू) नियम १९७७चे होते. त्यांत १९९०मध्ये दुरुस्ती होऊन डब्यावर ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ छापणे बंधनकारक झाले. त्याआधी कंपन्या ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापत आणि तालुक्याचा दुकानदार ‘कर’ म्हणून मनाला येईल ती रक्कम लावे. पुढे वैध मापन कायदा, २००९ आला आणि तो १ एप्रिल २०११पासून लागू झाला. छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेणे गुन्हा ठरला, कमी घेण्याला मात्र मुभा राहिली. जगातल्या फारच थोड्या देशांत असा नियम आहे. अमेरिकेत दुकानात लावलेली किंमत करावाचून असते आणि राज्य, परगणा, शहर यांप्रमाणे बिलावर वेगवेगळा विक्रीकर चढतो. युरोपात किंमत करासहित असते, पण कंपनी फक्त ‘शिफारस’ करते. भारतात डब्यावरचा आकडा ही कायद्याने घातलेली कमाल मर्यादा आहे. म्हणून कंपनीचा खरा डबा शिरूरला, दौंडला आणि पुण्याच्या मॉलमध्ये जास्तीत जास्त एकाच किमतीला विकता येतो. फरक पडतो तो त्याखाली.

आता यंत्रायंत्रांतला फरक. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या अनेकदा यंत्र नफ्याशिवाय, कधी तोट्यातही विकतात आणि खेळांवरच्या परवाना शुल्कातून पैसे काढतात. निन्टेन्डोच्या काळात कॅसेट कंपनी स्वतः बनवी आणि खेळ तयार करणाऱ्याला तिचे पैसे आधीच मोजावे लागत. आत चिप असल्याने खेळ जितका मोठा तितकी कॅसेट महाग. सोनीने १९९४मध्ये ‘प्लेस्टेशन’ जपानमध्ये आणले ते सीडीवर. सीडी छापायला कॅसेटच्या मानाने फारच थोडा खर्च येई आणि संपलेला माल आठवड्याभरात पुन्हा छापता येई. निन्टेन्डोने १९९६मध्ये ‘निन्टेन्डो ६४’ कॅसेटवरच ठेवले आणि त्याचे खेळ महाग राहिले. संगणकावरच्या खेळांना तर कोणाचेच परवाना शुल्क नव्हते. म्हणून भारतात दोन हजारच्या दशकात संगणकाच्या खेळाची डिस्क हजाराच्या आसपास मिळे, आणि तोच खेळ कन्सोलवर घ्यायचा तर दुप्पट-तिप्पट पैसे पडत.

सीडीच्या स्वस्ताईचा फायदा कंपन्यांआधी नक्कल करणाऱ्यांना झाला. संगणकावर सीडी राइटर असलेला कोणीही खेळाची प्रत काढू शकत होता. ‘प्लेस्टेशन २’च्या काळात यंत्र उघडून त्यात एक छोटी चिप जोडली की नकली डिस्क चालू लागे. बाजारातला शब्द ‘चिप मारलेला पीएस-टू’. चिप मारायला काही शे ते हजारभर रुपये, आणि मग शंभर रुपयांच्या आत डिस्क. तालुक्याच्या गावांत याच हिशोबावर गेम झोन उभे राहिले. दोन-तीन यंत्रे, तेवढेच टीव्ही, तासाला दहा-पंधरा रुपये. एका मूळ डिस्कच्या पैशात तीस नकली डिस्का आणि ग्राहकाला निवडीला वाव. यात कायद्याचा भंग होता, पण दुकानदाराच्या नजरेत मूळ डिस्क हीच अवाच्या सवा किमतीची वस्तू होती. चोरीवर कायद्याने मात करण्याऐवजी किंमत कमी करणे हाच उपाय आहे, हे कंपन्यांना उशिरा कळले. भारतासाठी स्वस्त आवृत्त्या काढण्याकडे त्या दशकाच्या अखेरीला काही कंपन्या वळल्या ते यामुळेच. तालुका पातळीवर बाजार मुळात नकलेनेच तयार केला होता, आणि कंपनीची किंमत त्या नकलेच्या तोडीला यायला दोन दशके लागली.

मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स ३६०’ भारतात अधिकृतपणे सप्टेंबर २००६मध्ये आला. किंमत १९,९९० आणि २३,९९० रुपये. २००७मध्ये सोनीने ‘प्लेस्टेशन ३’ ३९,९९०ला आणले. महिन्याला सहा-सात हजार पगार घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा सहा महिन्यांचा पगार होता. पण शिरूर तालुक्याचे चित्र याच सुमाराला बदलत होते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजीचा कारखाना उभा राहिला होता, पुढे हायर आली, व्हर्लपूल होतीच, फियाटही होती. सणसवाडी आणि शिक्रापूरच्या पट्ट्यातही कारखाने होते. कायम पगाराचा, बँकेत खाते असलेला, हप्ता भरू शकणारा तरुण ग्राहक तयार होत होता. दौंडमध्ये तो ग्राहक आधीपासून होता, कारण तिथे रेल्वेचे कर्मचारी आणि राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांनी त्यात भर घातली.

एलजीचा टीव्ही रांजणगावला जुळवला जात होता आणि शिरूरच्या दुकानापासून तो कारखाना पंधरा-वीस किलोमीटरवर. त्याच दुकानातला कन्सोल मात्र बाहेरून समुद्रमार्गे येत होता. दोन वस्तू एकाच टेबलावर, एकमेकांना वायरीने जोडलेल्या, पण एकीची किंमत जिल्ह्यातल्या उत्पादनावर आणि दुसरीची न्हावा-शेवा बंदरातल्या शुल्कावर ठरत होती. हा फरक पुढच्या वर्षांत आणखी रुंदावला. २०१५च्या डिसेंबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराचा विस्तार झाला आणि त्यात व्हिडिओ गेम कन्सोलवरचे शुल्क हटवण्याचे ठरले. भारत त्यात सामील झाला नाही. उलट २०१८च्या अर्थसंकल्पात या यंत्रांवरचे मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के झाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला जीएसटी परिषदेने कन्सोलवरचा कर २८वरून १८ टक्के केला, आणि गंमत म्हणजे ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीलाही त्याच बैठकीत तीच सूट मिळाली. दोन्ही १ जानेवारी २०१९पासून.

या करांचा हिशोब एकदा समोर मांडावा. शंभर रुपये किमतीचे यंत्र बंदरात उतरले. त्यावर २० रुपये सीमाशुल्क. त्या वीसवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे दोन रुपये. झाले १२२. त्यावर १८ टक्के एकात्मिक जीएसटी, २१ रुपये ९६ पैसे. एकूण १४३ रुपये ९६ पैसे, आणि यात अजून कंपनीचा नफा नाही, वितरकाचा नाही, दुकानदाराचा नाही. जीएसटी पुढच्या विक्रीत वळता होतो हे खरे, पण शेवटच्या बिलातला १८ टक्क्यांचा हिस्सा ग्राहकाच्याच खिशातून जातो. २ फेब्रुवारी २०२१ला भारतात आलेल्या ‘प्लेस्टेशन ५’ची डिस्कवाली आवृत्ती ४९,९९० रुपयांना होती. त्यात जीएसटीचेच सुमारे ७,६२६ रुपये होते. अमेरिकेत तेच यंत्र करावाचून ४९९ डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे ३६,४०० रुपये. जपानात करावाचून ४९,९८० येन. अर्थात करांनी सगळाच फरक भरून निघत नाही. २०१४च्या सुरुवातीला ‘प्लेस्टेशन ४’ भारतात ३९,९९०ला आले, तेव्हा अमेरिकी ३९९ डॉलरचे रुपये होत होते २४,७०० च्या आसपास. जीएसटी नव्हता, पण सीमाशुल्क आणि व्हॅट होते. शिवाय छोट्या बाजारात साठा अडकण्याचा धोका आणि रुपया घसरण्याची भीती कंपनी आधीच किमतीत धरते.

यात भारत एकटा नव्हे. २०१३मध्ये ब्राझीलमध्ये ‘प्लेस्टेशन ४’ची किंमत ३,९९९ रियाल, म्हणजे सुमारे १,८०० डॉलर जाहीर झाली आणि तिथे एकच ओरड झाली. सोनीने करांकडे बोट दाखवले. दोन वर्षांनी यंत्र तिथेच जुळवायला सुरुवात झाल्यावर किंमत २,५९९ रियालपर्यंत उतरली. रांजणगावसारखी वसाहत असलेल्या देशात कन्सोल मात्र बाहेरून येतो, ही गोष्ट ब्राझीलच्या उदाहरणाशेजारी ठेवली की लक्षात राहते. कारण इथे मागणी टीव्हीइतकी नाही, आणि मागणी नाही कारण किंमत जास्त.

खेळांच्या बाबतीत गणित उलट निघते. ‘प्लेस्टेशन ५’ आले तेव्हा त्याच्या मोठ्या खेळाची किंमत अमेरिकेत ६९.९९ डॉलर, भारतात ४,९९९ रुपये होती. तेव्हाच्या दराने डॉलरची किंमत पाच हजारांच्या वरच जाते. म्हणजे यंत्र भारतात महाग, पण खेळ जवळपास बरोबरीचा किंवा थोडा स्वस्त. संगणकावरच्या ‘स्टीम’ या डिजिटल दुकानाने नोव्हेंबर २०१५मध्ये रुपयांत दर सुरू केले आणि तिथे तर देशागणिक दर लावण्याची पद्धतच आहे. लोकांची ऐपत जिथे कमी, तिथे किंमत कमी. डिजिटल प्रत आणखी एकाला दिल्याने खर्च वाढत नसल्याने कमी किमतीलाही ती विकणे परवडते. पण याचा गैरफायदाही झाला. श्रीमंत देशांतले ग्राहक पत्ता बदलून तुर्कस्तान आणि अर्जेंटिनाच्या दरांनी खेळ घेऊ लागले. तिथल्या चलनांची घसरणही भरीला होती. नोव्हेंबर २०२३मध्ये स्टीमने त्या दोन्ही देशांत स्थानिक चलन बंद करून डॉलर लावला आणि तिथल्या लोकांना एका रात्रीत काही पटींनी जास्त किंमत पडू लागली. रुपयातली किंमत मात्र शाबूत राहिली.

पुण्यातल्या आणि तालुक्यातल्या दुकानातला फरक छापील किमतीच्या खाली घडतो. नव्या यंत्रावर दुकानदाराला सुटणारी रक्कम इतकी थोडी असते की दोन हजारांची सूट देणे त्याला कठीण जाते. तो नफा काढतो जादा रिमोट, चार्जर, स्टँड आणि हेडफोनवर. मोठ्या साखळी दुकानांना कंपनीकडून प्रमाणावर आधारित सवलत मिळते आणि सणासुदीला ती ग्राहकाकडे वळवली जाते. २०१३मध्ये भारतात ॲमेझॉन आले. फ्लिपकार्ट आधीपासून होते. शिरूरचा ४१२२१० आणि दौंडचा ४१३८०१ हा पिन टाकला की पुण्याचाच दर दिसू लागला, आणि दिवाळीच्या विक्रीत तर दुकानदाराला ज्या दरात माल येई त्याहून कमी दरात तो ग्राहकाच्या घरी पोचू लागला. दुकानदाराच्या हाती मग उरले ‘बिनव्याजी’ हप्ते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, व्याज कुठेतरी लपलेलेच असते. दुकानात ते लपते रोख सूट नाकारण्यात. रोखीने मागितली तर हजार-दीड हजार कमी होणारी वस्तू हप्त्यावर पुऱ्या छापील किमतीला जाते आणि वर प्रक्रिया शुल्क. साखर कारखान्याचे ऊसबिल जमा होण्याच्या सुमाराला रोखीची खरेदी वाढते आणि एरवी हप्त्याची, हे दोन्ही तालुक्यांत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचे जुनेच चक्र आहे.

अधिकृत विक्रीच नसलेल्या यंत्रांना छापील किमतीचा हा सगळा हिशोब लागू होत नाही. निन्टेन्डोचे ‘स्विच’ २०१७मध्ये जगभर आले, पण भारतात कंपनीने ते अधिकृतपणे कधी विकले नाही. ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ही नोव्हेंबर २०२४मध्ये इतर देशांत आले तेव्हा भारतात उतरले नाही, कारण त्यातल्या वाय-फायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला इथे तेव्हा परवानगी नव्हती. अशा मालाची किंमत पुन्हा नव्वदच्या दशकासारखी, माणूस आणि वेळ पाहून ठरते. आयातदाराचा भाव, त्यात वॉरंटीशिवायचा धोका, आणि दुबईहून कोण कधी येतो यावर साठा.

जुन्या डिस्कांचा बाजार हा किमतीचा शेवटचा थर. डिस्क खेळून झाली की विकता येते, आणि शिरूर-दौंडहून पुण्याच्या विक्रेत्याकडे कुरिअरने पाठवताही येते. ४,९९९ला घेतलेला खेळ चार महिन्यांनी तीन हजारांना गेला, तर खेळण्याचा खर्च दोन हजारांवर येतो. ‘प्लेस्टेशन ५’ची डिजिटल आवृत्ती ३९,९९०ला आली, डिस्कवालीपेक्षा दहा हजारांनी स्वस्त. तिच्यात डिस्क जात नाही, म्हणून विकायलाही काही उरत नाही, आणि खेळ घ्यायचे ते कंपनीच्याच दुकानातून, कंपनीच्याच दरात. खेळामागे तीन हजार परत येत असल्याचे धरले, तर चार खेळांतच तो दहा हजारांचा फरक भरून निघतो आणि पुढच्या प्रत्येक खेळाला डिजिटलवाल्याचा खर्च वाढत जातो.